पुलावरचा वैद्य

एखाद्या माणसाशी बोलणं बंद करायचं, अशा ठरावावर तुम्ही कधी हात वर केला आहे का? केला असेल तर त्या क्षणी तुमची नजर कुठे होती? त्या माणसाच्या रिकाम्या जागेवर, शेजारच्याच्या हातावर, की जमिनीवर? माझी नजर कागदावर होती. ठराव माझ्या अक्षरात लिहिलेला होता आणि ‘सर्वानुमते’ या शब्दावर शाई जराशी पसरली होती. मी तेरा वर्षांची होते. हे पान पुन्हा लिहायला हवं होतं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

आठवणी लिहायचं माझं अजून वय नाही, असं मला ओळखणारे म्हणतात. म्हातारपणी लिहीन तेव्हा मी स्वतःला माफ करून टाकलेलं असेल, अशी मला भीती वाटते. म्हणून आत्ताच लिहिते. आणि जे लिहिते आहे ते मला नीट कळलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकते. पत्रक लिहिताना असं चालत नाही. पत्रकात पहिल्या ओळीत शत्रू कोण ते सांगावं लागतं आणि शेवटच्या ओळीत लोकांनी काय करायचं ते. मधल्या ओळींचं फारसं महत्त्व नसतं. माझं त्या वर्षाचं सगळं आयुष्य त्या मधल्या ओळींमध्ये अडकलेलं आहे.

आमचं घर बोर्ली पंचतनहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका वळणावर होतं. आप्पा एका शाळेत शिपाई होते. सकाळी घंटा वाजवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पत्रकं छापायचे. आई अंगणवाडीत होती. पडवीत एका बाजूला भाताची कणगी आणि दुसऱ्या बाजूला आप्पांचं छापायचं सामान: लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं जाळीचं कापड, रबराची पट्टी, शाईचे डबे. मी पारदर्शक कागदावर काळ्या शाईने मजकूर लिहायचा, आप्पांनी तो कागद लेप दिलेल्या जाळीवर ठेवून काचेखाली उन्हात धरायचा, मग पाण्याने धुतलं की जाळीत माझी अक्षरं मोकळी व्हायची. पट्टी ओढली की खर्र आवाज व्हायचा. एक पत्रक, एक खर्र. काथ्याच्या दोरीवर चिमटे लावून ओले कागद वाळत घालायचे. त्याच दोरीच्या खाली आई सुपात जवळा निवडत बसायची, त्यामुळे आमच्या पत्रकांना सुक्या मासळीचा वास यायचा. तालुक्याच्या कचेरीतला एक साहेब आमचं पत्रक म्हणे नाकाला लावून ओळखायचा. आप्पांना याचा अभिमान होता.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बालवाडीतली मुलं कमळ, गवत गिरवत होती तेव्हा मला ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ येत होतं. सातव्या वर्षी मी आईच्या पडवळाच्या भाजीविरुद्ध एक पत्रक लिहून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं होतं. आईने ते वाचलं, हात पुसला आणि खाली लिहिलं, ‘भाजी तीच राहील.’ आप्पा पोट धरून हसले. म्हणाले, “बघ, सरकार असंच उत्तर देतं.” आई म्हणाली, “सरकार सकाळी उठून भाकऱ्या थापतं काय वो?” ती भातशेतीच्या गावातून आलेली, तिचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचं राहिलं.

आमच्या घरामागचा दगडांचा गडगा ओलांडला की दिगूकाकांची वाडी. नारळ, पोफळी, चार फणस, आणि मध्ये सारवलेलं खळं, ज्याच्यावर सुपारी वाळत पडलेली असायची. दिगूकाका हळू बोलायचे, हळू चालायचे. गावात कोणाच्या पोराला ताप आला की ते आपल्या डब्यातल्या साबुदाण्याच्या गोळ्या घेऊन निघायचे. त्या गोळ्यांनी काय व्हायचं कोण जाणे, पण ते येऊन बसले की बरं वाटायचं. त्यांची मुलगी वैजू माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तिचा मामा जहाजावर होता. एका खेपेला तो तिच्यासाठी एक यंत्र घेऊन आला. पानाच्या डब्यासारखं मिटणारं, आत वरच्या बाजूला छोटा पडदा, खाली बटणं.

त्यात एकच खेळ होता. मामाने सांगितलं की मूळ खेळ टीव्हीला जोडून खेळायचा, मोठा, बंदरात जहाज थांबलं की तो आणि त्याचे सोबती रात्रभर खेळत. हा त्याचाच हातात मावेल असा लहान केलेला. “सगळं तेच आहे गो,” मामा म्हणाला, “फक्त आवळून बसवलंय. माणसं बुटकी झाली, भाषणं कापली.” एक सोय मात्र लहान यंत्रासाठी मुद्दाम जोडली होती. टीव्हीवर लढाई सुरू केली की संपेपर्यंत उठता यायचं नाही. इथे मध्येच थांबवून झाकण मिटता यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी उघडता यायचं. पण एकदा उघडलं की ती थांबवलेली जागा पुसली जायची. मागे परत जायला वाट नाही.

खेळ असा होता. जमीन चौकोनांत आखलेली. आपली आठ माणसं एकीकडे, शत्रूची दुसरीकडे. आधी आपण आपली माणसं एकेक करून हलवायची, मग शत्रू त्याची हलवणार. पाळीपाळीने. घाई नाही, कितीही वेळ विचार करा. प्रत्येक माणसाचं काम झालं की त्याला ‘थांब’ सांगायचं आणि त्याने कोणत्या दिशेला तोंड करून थांबायचं तेही सांगायचं, कारण पाठीमागून वार झाला तर जास्त लागायचं. आणि मेलेला माणूस मेला. पुढच्या लढाईत तो नाही. यादीत त्याचं नाव राखाडी होऊन राहायचं.

माणसांना नावं आपण द्यायची, इंग्रजीत, सहा अक्षरांच्या आत. आम्ही सगळं गाव त्यात घातलं. आप्पा म्हणजे जड चिलखतवाला तलवारबाज. त्याला तीनच घरं चालता यायचं. “तुझे आप्पा असेच चालतात, मोर्चात असल्यासारखे,” वैजू म्हणाली. माझी आई धनुर्धर झाली. दिगू म्हणजे पांढऱ्या झग्यातला वैद्य. त्याला लढता येत नव्हतं, शेजारच्या घरात उभा राहून दुसऱ्याची जखम भरता यायची, एवढंच. अंगावर चिलखत नाही. एका बाणात अर्धा व्हायचा. आठांतली चार माणसं माझी, चार वैजूची. आप्पा माझ्याकडे, दिगू तिच्याकडे. आधी ती तिची चार हलवायची, मग मी माझी आणि पाळी संपल्याचं बटण मी दाबायची. खळ्यावर बसून, वाळत्या सुपारीवरची कोंबडी हाकत, काकूंनी दिलेले घावन नारळाच्या रसात बुडवून खात आम्ही सबंध उन्हाळा ती लढाई लढलो. रसाचे थेंब बटणांत जाऊन दिशा बदलायचं बटण चिकट झालं. ते कधी लागायचं, कधी नाही. हे बटण लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही.

आप्पांना मी ते यंत्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. “ही फौज कोणाची?”

“राजकन्येची. तिचं राज्य तिच्या काकाने घेतलंय.”

“म्हणजे एका जमीनदाराकडून दुसऱ्या जमीनदाराकडे. आणि यांना जेवायला कोण घालतं? शेतात कोण आहे?”

“शेत दाखवलेलं नाही, आप्पा.”

“नसणारच.” मग त्यांनी स्वतःच एक पाळी खेळून बघितली आणि आपल्याच धनुर्धराच्या पुढ्यात तलवारबाज नेऊन वाट अडवून ठेवली. आई मागून म्हणाली, “न्हेमीचंच हाय.” पण पाळीपाळीने खेळायची रीत मात्र त्यांना फार आवडली. “आपल्या सभांत हे पाहिजे. एकाचं होईपर्यंत दुसरा गप्प.” त्या आठवड्यात समितीच्या बैठकीत त्यांनी खरंच तसा नियम केला आणि बैठक पहिल्यांदा वेळेत संपली.

समिती म्हणजे आमच्या किनाऱ्यावर जेटी आणि गोदामं बांधायला आलेल्या एका कंपनीविरुद्ध गावाने उभी केलेली. आधीच सांगते, ती लढाई खरी होती. वाड्या गेल्या असत्या, होड्या लावायची जागा गेली असती. कंपनीची माणसं घरोघर संमतीपत्रं घेऊन फिरत होती आणि आम्ही ठरवलं होतं की एकही सही द्यायची नाही. समितीत जो काम करील त्याला मत, हा आप्पांचा नियम. हात वर करायला वय लागत नाही, म्हणायचे. मी सगळी पत्रकं लिहिते, म्हणून मलाही मत होतं. मला त्याचा इतका गर्व होता की वर्गात प्रश्नाचं उत्तर येत नसतानाही मी हात वर करायची.

एका शनिवारी भर दुपारी बातमी आली. कंपनीकडे गेलेल्या संमतीपत्रांत दिगूकाकांच्या वाडीचा गट नंबर आहे. समितीतले मारुतीमामा, होडीवाले, धापा टाकत पडवीत आले. “आप्पा, दिगूनी सही केली. मी सोता यादी बघितली. वाडीचा नंबर हाय त्यात.”

आप्पा खाली बसले. “दिगू? नाही करणार.”

“नंबर हाय म्हंतो ना मी.”

संध्याकाळी बैठक झाली. देवळाच्या मंडपात, कंदील नव्हे, चांगला ट्यूबलाइटचा उजेड होता, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. दिगूकाकांना बोलावणं धाडलं नव्हतं. का नव्हतं, याची दोन उत्तरं मी पुढे ऐकली. एक, घाई होती. दुसरं, ते आले असते तर त्यांच्या तोंडावर कोणाला बोलता आलं नसतं. ठराव असा: ‘संमतीपत्र देणाऱ्या घराशी बोलणे, त्यांच्या वाडीत कामाला जाणे, लग्नकार्यात बोलावणे बंद.’ आमच्या भागात याला एक जुनं नाव आहे. वाळीत टाकणे. गावकी जमायची आणि घराला वाळीत टाकायची. त्याविरुद्ध आता कायदा आहे, पण कायदा नव्हता तेव्हाही आमच्या चौकटीतून त्याविरुद्ध तीन पत्रकं निघालेली होती. ‘माणसाला माणसापासून तोडणारी रूढी गाडा’, हे शीर्षक मी दहा वर्षांची असताना लिहिलं होतं. ठराव वाचून झाल्यावर मी आप्पांच्या कानात विचारलं, “हे वाळीत टाकणं नाही ना?”

आप्पा म्हणाले, “नाही. हा असहकार आहे.”

“फरक काय?”

“ते दुबळ्याविरुद्ध असतं. हा बलवानाविरुद्ध.”

मी दिगूकाकांना बलवान म्हणून डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. साबुदाण्याच्या गोळ्यांचा डबा दिसला. तरी हात वर केला. दुसऱ्या दिवशी त्याचं पत्रक झालं, गुलाबी कागदावर. चौथ्या ओळीत दिगूकाकांचं नाव घालायचं ठरलं. मी ते ठळक लिहिलं, दोनदा गिरवलं. खर्र, खर्र. ओळीने वाळत घातलेल्या त्या गुलाबी कागदांवर त्यांचं नाव वाऱ्याने हलत होतं. आई त्या दिवशी जवळा निवडायला पडवीत बसली नाही, मागच्या दारी जाऊन बसली.

यंत्र तेव्हा माझ्याकडे होतं. वैजूने आदल्या दिवशी तिची पाळी खेळून मला दिलेलं. ते परत कसं करायचं? मी ठराव काढून वाचला. बोलणे बंद. कामाला जाणे बंद. कार्यात बोलावणे बंद. खेळणे बंद, असं कुठेच नव्हतं. मला केवढा आनंद झाला! पत्रकांवर वाढलेल्या पोरीलाच असा आनंद होऊ शकतो. दुसऱ्या कोणी ठराव धाब्यावर बसवून मैत्रिणीला मिठी मारली असती, किंवा यंत्र गडग्यावरून फेकून दिलं असतं. मी ठरावाच्या शब्दांतून जागा काढली आणि तिच्यात तत्त्वनिष्ठपणे उभी राहिले.

शाळेत मी बाक बदलला. वैजूने विचारलं, “काय झालं गो?” मी खिडकीबाहेर बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही, तोपर्यंत पत्रक त्यांच्या दारातही पडलेलं असणार, आणि माझं अक्षर ती झोपेतही ओळखायची. मधल्या सुट्टीत मी यंत्र डब्याच्या फडक्यात गुंडाळून आमच्या जुन्या बाकाच्या खणात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या नव्या बाकाच्या खणात होतं, त्याच फडक्यात, घडी घातलेलं. उघडून पाहिलं. वैजूने तिची चार माणसं हलवली होती.

असे नऊ-दहा दिवस गेले. बोलणं नाही, बघणं नाही, रोज एक पाळी. लढाई एका पुलावर होती. पलीकडे शत्रूचे तीन धनुर्धर, अलीकडे आम्ही. ती तिच्या माणसांना अशी हलवायची की माझ्यांना वाट मिळावी. मीही तसंच. बाहेर दिगूकाकांच्या पोफळींवर सुपारी पिकून लाल झाली होती आणि काढायला कोणी चढत नव्हतं. चढणारे सगळे समितीचे. पिकलेली फळं खाली पडायची, टप, टप, गडग्याअलीकडे मला ऐकू यायची. दिगूकाका एकटे ती वेचत वाकलेले दिसायचे. मी पत्रकातल्या चौथ्या ओळीवर विश्वास ठेवायची, मग यंत्र उघडायची, मग त्यातल्या पांढऱ्या झग्यातल्या वैद्यावर विश्वास ठेवायची. दोन्ही एकदम कसं चाललं होतं, मला सांगता येणार नाही.

मग एके दिवशी यंत्र उघडलं आणि दिगू पुलावर होता.

वैजूने त्याला मागच्या सुरक्षित घरातून काढून थेट पुढे आणलं होतं, माझ्या आप्पांच्या समोरच्या घरात. आणि त्याचं तोंड शत्रूकडे, पाठ आप्पांकडे. वैद्याला कोणी पुढे नेत नाही. तिथे तो एका पाळीत मरणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी ते पंधरा मिनिटं बघत राहिले. ही विनवणी होती का? माझे बाबा तुमच्यापुढे उभे आहेत, आता तुम्ही काय ते करा? की हा अपमान होता, आम्ही तुमच्याकडे बघतसुद्धा नाही? की ती म्हणत होती, बघ, बाबा तुमच्याच बाजूने, कंपनीकडे तोंड करून उभे आहेत? की ते चिकट बटण लागलं नव्हतं आणि तिला काहीच म्हणायचं नव्हतं?

मी आईला आडून विचारलं. म्हटलं, एक सैनिक असा असा उभा राहिला तर त्याचा अर्थ काय?

आई भाकरी थापत होती. “कोणी हुभा केला त्याला?”

“वैजूने.”

“मंग वैजूला इचार.”

“ठराव आहे, आई.”

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, उलटली. ती फुगल्यावर उतरवली. मग म्हणाली, “एक वाक्य. एका वाक्यानी तुमची समिती बुडते काय गो?”

 मला वाटलं, मी एकदा विचारलं की सगळे विचारतील. आणि खरं सांगायचं तर, मी इतकी पत्रकं लिहिली होती की प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोणालातरी उद्देशून जाहीर केलेली असते, असंच मला वाटायचं. पाठ म्हणजे जाहीर पाठ. मी ठरवलं की हा अपमान आहे. माझ्या आप्पांना बाजूने पुढे नेऊन दिगू आणि धनुर्धरांच्या मध्ये उभं करता आलं असतं. जड चिलखत, तीन बाण सहज सोसले असते. मी आप्पांना आहे तिथेच ‘थांब’ सांगितलं. पाळी संपवली. तीन बाण आले. मामा सांगायचा की टीव्हीवरच्या खेळात मरणारा प्रत्येकजण दोन वाक्यं बोलतो. लहान यंत्रात ती कापलेली होती. पांढरा झगा एकदा लुकलुकला आणि यादीत नाव राखाडी झालं.

मी यंत्र फडक्यात गुंडाळून तिच्या खणात ठेवलं. ते परत आलं नाही. तीन दिवसांनी वैजूही येईनाशी झाली. तिला किहीमला मावशीकडे शिकायला पाठवलं होतं.

महिन्याभराने आप्पांना कचेरीतून कागदांच्या प्रती मिळाल्या. वाडीचा सातबारा सामाईक होता, चार भावांचा. मुंबईला राहणाऱ्या तीन भावांनी संमती दिली होती. चौथ्याने, म्हणजे दिगूकाकांनी, लेखी हरकत घेतली होती. ती हरकत आमच्या पत्रकाच्या आधीची होती. आप्पांनी तो कागद मला वाचायला दिला आणि स्वतः पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. मग उठून, सदरा घालून, गडगा न ओलांडता रस्त्याने फिरून दिगूकाकांच्या पुढच्या दाराने गेले. मी मागे गेले. काकूंनी पाणी दिलं.

“दिगू, आमची चूक झाली,” आप्पा म्हणाले.

दिगूकाका अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात थांबला नाही. “पत्रक घरोघर गेलं, आप्पा. तुम्ही एकटेच आलात.”

“समितीपुढे ठेवतो.”

“ठेवा.” मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “अक्षर छान आहे हो तुझं.” टोमणा होता का? त्यांच्या आवाजात टोमणा कधी नसायचा. तेही मला कळलं नाही.

त्याच दिवशी मी दुरुस्तीचं पत्रक लिहून काढलं. समितीने ठराव मागे घेतला, पण पत्रक काढायचं नाही असं ठरलं. लढा ऐन भरात आहे, कंपनी त्याचा फायदा घेईल, नंतर बघू. मारुतीमामा म्हणाले, “बोलायला लागलो ना आपण त्याच्याशी? मंग झालं तर.” मी हात वर केला नाही. मोजणाऱ्याने माझा हात वर आहे असं धरून ‘सर्वानुमते’ लिहिलं. आप्पा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पुढे कंपनी गेली, समिती जिंकली, आप्पांच्या गळ्यात हार पडला आणि ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. मी आजही आप्पांना मानते. एकट्याने पुढच्या दाराने जायला जे लागतं ते त्यांच्यात होतं. सगळ्यांसमोर छापायला जे लागतं ते त्या वर्षी नव्हतं. ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल कशी खरी असतात, हे मला आजही उलगडत नाही.

गेल्या वर्षी मांडव्याच्या जेटीवर वैजू भेटली. ती मुंबईत नोकरी करते, किहीमच्या मावशीला भेटून परत चालली होती. बोट यायला वेळ होता. आम्ही वडापाव घेतला. मी इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न विचारला, त्या दिवशी तू त्याची पाठ माझ्याकडे का केली होतीस?

“कोणाची?”

मी पूल सांगितला, वैद्य सांगितला, बटण सांगितलं. ती खात खात ऐकत होती.

“बाई गं,” ती म्हणाली, “मला काहीच आठवत नाही. केलंही असेल काहीतरी मनात धरून. नसेलही. तू एवढ्या वर्षांत हाच विचार करत बसलीस?”

“तुला काय आठवतं मग?”

तिने कागदाचा बोळा केला. “पत्रक. बाबांना ते अजून तोंडपाठ आहे. मागच्या महिन्यात तपासायला डॉक्टर आले, नवे होते, गावात कोणाला तरी घर विचारलं. तर तो म्हणाला, सही केली होती ना, त्यांचं घर. अजून. बाबा ऐकत होते ओटीवरून.” बोट लागली. रांग हलली. ती वळून म्हणाली, “गेम सोड गं. ते लिही.”

म्हणून लिहिते आहे. दुरुस्तीचा तो पारदर्शक कागद माझ्याकडे आहे, जाळीवर कधीच न चढलेला. आता पिवळा पडलाय. त्यावर मी तेरा वर्षांच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘मागील गुलाबी पत्रकातील चौथी ओळ खोटी आहे. दिगूकाकांनी सही केलेली नाही. त्यांनी हरकत घेतली होती. त्यांना न विचारता आम्ही लिहिले. ही आमची चूक आहे.’

तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर ती गुलाबी पत्रकं तुमच्या घरात कुठेतरी असणार. आम्ही भरपूर छापली होती आणि कोकणात कागद कोणी टाकत नाही. मांडणीतल्या डब्यांखाली बघा, ट्रंकेच्या तळाशी बघा, जुन्या पोथीच्या वेष्टनात बघा. सुक्या मासळीचा वास अजूनही येत असेल. सापडलं तर चौथी ओळ खोडा आणि तिच्यावर हे वरचं लिहा, तुमच्या अक्षरात, माझ्या नको. मग तो कागद घेऊन दिगूकाकांकडे जा. ते ओटीवर बसलेले असतात, सकाळी दहानंतर. एकटे जाऊ नका, शेजारच्यांना घेऊन जा. पुढच्या दाराने जा. आणि त्यांच्याशी बोला.